ड्यू लिस्ट

ड्यू लिस्ट : लसीकरण सत्राआधी गावपातळीवर तयार होणारी नावनिशीवार कामांची यादी. येत्या सत्रात कोणत्या बाळाला कोणती लस द्यायची, कोणत्या गरोदर मातेची तपासणी राहिली, हे तीत असते. सरकारी कागदांत ‘लाभार्थी यादी’ असेही म्हणतात. पण बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात, मेहकर-सिंदखेडराजा रस्त्यावरच्या बीबीत काय किंवा राज्यातल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, आशाताई आणि सिस्टर, म्हणजे आरोग्य उपकेंद्रातली परिचारिका, यांच्या तोंडी ड्यू लिस्ट हाच शब्द. कामे आटोक्यात राहावीत म्हणून शहरातला नोकरदार मोबाइलवर एकामागून एक अॅप घेऊन पाहतो. गावातली ही यादी त्यातल्या बहुतेक अॅपांपेक्षा रचनेने पक्की आहे.

पक्की अशासाठी, की तीत काय लिहायचे हे कुणाच्या लहरीवर नसते. बाळाची जन्मतारीख कळली की पुढच्या दोन वर्षांची कामे तिथेच ठरतात. जन्मल्याबरोबर बीसीजी, हिपॅटायटिस-बी आणि पोलिओचा पहिला डोस. मग ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट व सोबतच्या लसी. ९ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेला. १६ ते २४ महिन्यांत तिचा दुसरा डोस आणि बूस्टर. बाळाला ताप आला, आई माहेरी गेली, एखादे सत्र हुकले, तर पेंटाव्हॅलंटच्या दोन डोसांत किमान चार आठवड्यांचे अंतर राखून पुढच्या तारखा सरकतात. आपल्या खासगी याद्यांत ‘कपाट आवरणे’ महिनोन्‌महिने लोळत पडते, कारण त्याला ना तारीख असते ना विचारणारे कुणी. इथे प्रत्येक ओळीला नाव आहे, तारीख आहे आणि दारात जाऊन हाक मारणारी बाई आहे.

ही बाई म्हणजे आशा. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हा साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा असे प्रमाण ठरले. ती गावातलीच असते, त्यामुळे कुणाच्या घरी सून बाळंतपणाला आली हे तिला रजिस्टरच्या आधी ठाऊक असते. तिची डायरी, अंगणवाडी सेविकेची नोंद आणि उपकेंद्रातल्या सिस्टरचे रजिस्टर एकमेकांशी ताडून यादी पक्की होते. एकीत सुटलेले नाव दुसरीत सापडते, म्हणून तर ताडायचे.

या सगळ्यातली सर्वात देखणी वस्तू मात्र वही नव्हे, टिकलर बॅग. उपकेंद्राच्या भिंतीवर टांगायची ही कापडी पिशवी. तिला जानेवारी ते डिसेंबर असे १२ कप्पे, शिवाय लसीकरण पूर्ण झालेल्यांसाठी आणि गाव सोडून गेलेल्यांसाठी वेगळी जागा. माता-बाल संरक्षण कार्डाचा मोठा भाग आईकडे राहतो, त्याचे अर्धुक सिस्टरकडे. मे महिन्यात पहिला डोस झाला की अर्धुक जूनच्या कप्प्यात. जूनमध्ये बाळ आले की नोंद करून ते जुलैच्या कप्प्यात सरकते. महिनाअखेर कप्प्यात जी अर्धुके उरली, ती लस चुकलेली बाळे. मोजणी, आठवण आणि थकबाकी, तिन्ही एका पिशवीत. अमेरिकी लेखक डेव्हिड अॅलन यांनी २००१ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात महिन्याच्या ३१ दिवसांची आणि १२ महिन्यांची मिळून ४३ फोल्डरे ठेवायला सांगितली. त्यांच्या फाइलचे नावही टिकलरच. जगभरच्या कामनोंद अॅपांवर त्या पुस्तकाची छाप आहे. त्यांपैकी वंडरलिस्ट हे लाडके अॅप मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतले आणि २०२० मध्ये बंद करून टाकले. पिशवीला भीती फार तर उंदराची.

ड्यू लिस्टचे दुसरे भावंड म्हणजे नवजात बाळाच्या गृहभेटींचे वेळापत्रक, आणि त्याची पाळेमुळे विदर्भातच आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत स्थानिक बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची देखभाल करवली. नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. २०११ पासून हे काम देशभरच्या आशांकडे आले. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, अशा सहा भेटी. घरी जन्मले तर पहिल्या दिवसाची धरून सात. वजन, ताप, श्वास, अंगावर पिणे हे प्रत्येक भेटीत तपासून फॉर्मवर लिहायचे. या भेटींचा मोबदला २५० रुपये ठरला होता.

यादी संगणकात न्यायचे प्रयत्न २००९ च्या माता-बालक मागोवा प्रणालीपासून चालू आहेत. पुढे सिस्टरसाठी ‘अनमोल’ हे अॅप आले आणि कोविन पाठोपाठ ‘यू-विन’. यात नोंद झाली की ड्यू लिस्ट आपोआप निघते, पालकांना संदेश जातो, प्रमाणपत्र मिळते. सोय मोठी आहे. पण वही सुटली नाही तर तेच नाव दोनदा लिहावे लागते, आणि अॅप कामापेक्षा वरच्या कार्यालयाला आकडे पुरवण्यासाठी आहे असे वाटू लागले की माणूस वैतागतो. अंगणवाडीत हे उघड दिसले. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. हँडसेट कमी क्षमतेचे, सतत बिघडणारे, आणि नोंदींचे ‘पोषण ट्रॅकर’ अॅप धड मराठीत नाही, ही त्यांची तक्रार होती. मुलाचे नाव इंग्रजीत टंकण्यात जो वेळ जातो तो वजनकाट्यापाशी जायला हवा, हे त्यांचे म्हणणे खोडून काढण्याजोगे नव्हते.

यादीला सर्वात मोठा धक्का मात्र दिवाळीनंतर बसतो. जालना जिल्ह्याला लागून असलेल्या बीबीच्या पट्ट्यातून ऊसतोडीला आणि वीटभट्ट्यांवर कुटुंबे निघतात, बाळेही कडेवर जातात. अर्धुक कप्प्यात राहते, बाळ फडात. अशा वेळी आईच्या पिशवीतले कार्डच कामाला येते : ते दाखवले की राज्यात वा राज्याबाहेर कोणत्याही सरकारी सत्रात पुढचा डोस मोफत मिळतो.