सॉफ्टवेअर अभिलेखागार
प्रचारातून गेलेल्या संगणकीय सॉफ्टवेअरच्या फायलींचा जतन केलेला व शोधता येण्याजोगा संग्रह. आरंभी अशा फायली विद्यापीठांच्या एफटीपी भांडारांत विखुरलेल्या होत्या. त्यांच्या नावांची सूची करणारी ‘आर्ची’ ही शोधयंत्रणा माँट्रिऑल येथील मॅकगिल विद्यापीठात १९९० मध्ये निर्माण झाली. सॅन फ्रान्सिस्को येथे ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संस्थेच्या संग्रहात वेबपृष्ठांबरोबरच जुने सॉफ्टवेअरही आहे.

मराठीच्या दृष्टीने या संग्रहांना विशेष महत्त्व आहे. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये प्रमाणित झाली. तथापि मुद्रणव्यवसायात रूढ झालेल्या श्रीलिपी, आकृती इ. सॉफ्टवेअरच्या फाँटांत अक्षरखंडांना आपापले स्वतंत्र संकेतांक दिलेले होते. परिणामी मूळ फाँटाच्या अभावी असा मजकूर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसतो. युनिकोड प्रणालीत देवनागरीचा समावेश १९९१ मध्येच झाला. परंतु जुन्या मजकुराचे तीत रूपांतर करण्यास मूळ फाँटाची संकेतसारणी आवश्यक असते. म्हणून मजकुराच्या फायलीबरोबर फाँट, सॉफ्टवेअर व त्याची नेमकी आवृत्ती यांचेही जतन करावे लागते; अन्यथा फाइल सुरक्षित राहूनही मजकूर वाचता येत नाही.