गहू उभा आहे, चालक हवा आहे

यंत्र आलं की माणसाची गरज संपते, हे वाक्य आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हल्ली रोज ऐकवलं जातं. अमेरिकेतल्या गहू कापणीचा इतिहास वाचताना मला मात्र वेगळंच दिसलं. माणसं कमी झाली हे खरं, पण जी लागतात ती मिळणं जास्त अवघड झालं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गहू दक्षिणेकडून उत्तरेकडे पिकत जाई, तसे मजुरांचे तांडे मालगाड्यांवर चढून त्याच्यामागे सरकत. पेंढ्या उभ्या करणं, मळणीयंत्राकडे वाहून नेणं ही ताकदीची कामं. नवखाही चार दिवसांत सरावे. १९१५ साली कॅन्सस सिटीत या मजुरांची संघटना उभी राहिली. कापणी-मळणी एकदम करणाऱ्या कम्बाइनकडे मोठे शेतकरी आशेने पाहू लागले असतील, तर नवल नाही.

पण सुरुवातीचे कम्बाइन ओढायलाही ट्रॅक्टर लागे, म्हणजे बहुधा दोन माणसं. मॅसी-हॅरिस कंपनीत टॉम कॅरोल या ऑस्ट्रेलियन अभियंत्याने स्वतःच्या इंजिनावर चालणारं कम्बाइन घडवलं आणि एका माणसावर भागू लागलं. महायुद्धात तरुण आघाडीवर गेले, पोलादावर नियंत्रण आलं. तेव्हा कंपनीच्या जो टकरने सरकारकडून ५०० जादा यंत्रांपुरतं पोलाद मिळवलं. अट अशी की यंत्र घेणाऱ्याने किमान २,००० एकर कापून द्यायचे. १९४४च्या या 'हार्वेस्ट ब्रिगेड'ने १० लाखांहून अधिक एकर कापले. ठेक्याने कापणी करत फिरण्याचा धंदा आधीही होता. तो खऱ्या अर्थाने फोफावला तो यानंतर.

आणि इथेच चालकाचा प्रश्न सुरू होतो. कम्बाइन चालवणं म्हणजे नुसतं स्टिअरिंग धरणं नव्हे. सकाळी दवाने ओली असलेली काडी दुपारी कडकडीत होते. मग मळणीच्या ड्रमचा वेग बदलायचा, ड्रम आणि जाळीतलं अंतर बदलायचं. अंतर फार कमी झालं तर दाणा फुटतो, जास्त झालं तर ओंबीतच राहतो. पंखा जोरात असेल तर भुशाबरोबर दाणेही मागे उडतात. म्हणून चांगला चालक मधूनच खाली उतरतो आणि यंत्रामागचा भुसा हाताने चाळून बघतो. हे शिकायला दोन-चार हंगाम जातात. काम मात्र वर्षातले काही महिनेच, तेही घरापासून दूर, पाऊस आला की ठप्प. इतकं कसब असलेल्या माणसाने उरलेलं वर्ष काय करायचं?

पूर्वी याचं उत्तर गावातली शेतकऱ्यांची मुलं होती. शेतं मोठी होत गेली, शेतकरी कुटुंबं घटली, तसा तो साठा आटला. १९८६ साली हंगामी शेतमजुरांसाठी एच-२ए व्हिसाची वेगळी सोय झाली. आज अनेक टोळ्यांत दक्षिण आफ्रिकेतले तरुण कम्बाइन चालवतात. मालकाला त्यांच्या राहण्याची सोय करावी लागते, प्रवासखर्च द्यावा लागतो आणि कागदपत्रांची तयारी पीक पिकण्याच्या कितीतरी आधी सुरू करावी लागते. उपग्रहाच्या मदतीने यंत्र आता सरळ रेषेत आपोआप चालतं, नव्या यंत्रांत ड्रम-पंख्याचं बरंचसं गणितही संगणक करतो. एवढं महागडं यंत्र अनोळखी हातात द्यायला मालक तरीही कचरतो, आणि मला ते पटतं.

आपल्याकडेही पंजाबची हार्वेस्टर यंत्रं महाराष्ट्रापर्यंत येतात आणि बऱ्याचदा चालकही तिकडचाच असतो. मार्च २०२०मध्ये देश बंद झाला तेव्हा, गहू शेतात उभा असताना, केंद्राने काही दिवसांतच या यंत्रांना राज्यांच्या सीमा ओलांडायची सूट दिली. आदेशात नाव यंत्रांचं होतं. ती घेऊन येणारे चालक मात्र त्या उन्हाळ्यात घरापासून शेकडो किलोमीटरवर, यंत्राच्या आसऱ्याने शेतातच मुक्काम करत होते.