कागदयंत्राच्या वस्त्रांची एंझाइमांद्वारे स्वच्छता

कागदयंत्रावर लगद्यातील पाणी गाळून टाकणारी जाळी, ओला कागद दाबाच्या रुळांतून नेणारा नमदा आणि तोच कागद तापलेल्या सिलिंडरांवर घट्ट धरून ठेवणारे शुष्कनवस्त्र, या तिन्हींना मिळून कागदयंत्राची वस्त्रे म्हणतात. त्यांच्या विणीत लाकडाची राळ, रद्दीतून आलेले चिकट पदार्थ, स्टार्च, जंतूंनी निर्माण केलेला बुळबुळीत थर आणि तंतूंचा चुरा यांचा साका बसतो. हा साका विशिष्ट एंझाइमांच्या योगे विघटित करून किंवा त्याचा चिकटपणा नाहीसा करून वस्त्रे मोकळी राखण्याची पद्धती विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कारखान्यांतून रूढ होऊ लागली. कॉस्टिक सोडा किंवा रॉकेल समोर येईल त्यावर सरसकट चालून जाते. एंझाइम मात्र एका ठराविक रासायनिक बंधावरच आपले काम करते, आणि या पद्धतीचे बहुतेक गुण व मर्यादा या एकाच स्वभावातून उद्भवतात.

वस्त्रांची रचना व कार्य : निकोला-लुई रोबेर या फ्रेंच गृहस्थाने १७९९ मध्ये ज्याचे एकस्व मिळवले आणि इंग्लंडमध्ये फोर्ड्रिनिअर बंधूंच्या भांडवलावर ब्रायन डाँकिन याने ज्याला व्यवहारोपयोगी रूप दिले, त्या यंत्राचे मूलतत्त्व आजही कायम आहे. शेकडा अर्धा ते एक भाग घनांश असलेला पातळ लगदा फिरत्या जाळीवर पसरला जातो. जाळीवरून सुटताना कागदाच्या पट्ट्यातील घनांश सुमारे २० टक्क्यांवर, तर दाब-विभागातून बाहेर पडताना ४० ते ५० टक्क्यांवर पोचतो, आणि उरलेले पाणी वाफेच्या उष्णतेने उडवून लावावे लागते. दाबाने पाणी काढणे स्वस्त आणि वाफेने काढणे महाग असल्यामुळे, नमद्याची छिद्रे बुजली की त्याचा पहिला भुर्दंड बॉयलरच्या खात्यावर पडतो. पूर्वी जाळी फॉस्फर-ब्राँझच्या तारेची, नमदा लोकरीचा आणि शुष्कनवस्त्र सुताचे असे; हल्ली जाळी व शुष्कनवस्त्र प्रायः पॉलिएस्टरचे आणि नमदा नायलॉनचा असतो. नमद्याच्या तळाशी जाड धाग्यांचे विणलेले अस्तर असते व त्यावर बारीक तंतूंची गादी सुयांनी टोचून बसवलेली असते. पाणी शोषून घेणारी ही गादीच बारीक चुरा व चिकट कण यांना सर्वांत सोयीची आश्रयस्थाने पुरवते.

साक्याचे घटक : सर्व साका दिसायला सारखाच करडा, मेणचट व बोटाला चिकटणारा असला, तरी त्याची घटना कच्च्या मालाप्रमाणे बदलते. पाइनसारख्या सूचिपर्णी वृक्षांचे लाकूड दळून केलेल्या लगद्यात ट्रायग्लिसराइडे, मेदाम्ले, रेझिनाम्ले व स्टेरॉले यांचे मिश्रण असलेली राळ असते आणि तिच्या चिकटपणात ट्रायग्लिसराइडांचा वाटा विशेष असतो. रद्दीपासून केलेल्या लगद्यात पाकिटांचा गोंद, लेबलांच्या मागचा चिकट थर, पुस्तकांच्या पाठीचे डिंक आणि लेपित कागदातील लॅटेक्स यांचे कण येतात. कारखान्यात यांना ‘स्टिकीज’ याच नावाने ओळखतात. पाण्याच्या बंद चक्रात वाढणारे जंतू आपल्याभोवती पॉलिसॅकराइडांचे आवरण निर्माण करतात, आणि त्या आवरणात तंतू, चिकणमाती व कॅल्शियम कार्बोनेट अडकून थर जाडावत जातो. जाळीवर असा एखादा ठिपका बसला की तेवढ्या जागी पाणी गळत नाही, तंतू नीट बसत नाहीत, आणि जाळीच्या प्रत्येक फेऱ्यागणिक कागदावर त्याच अंतराने एक भोक किंवा पारदर्शक डाग उमटत राहतो. अनुभवी कामगार या दोन डागांमधील अंतर फूटपट्टीने मोजतो आणि दोष जाळीचा, नमद्याचा की एखाद्या रुळाचा हे त्यावरून सांगतो.

जुन्या पद्धती : वस्त्रे स्वच्छ करण्याची प्रचलित तजवीज दुहेरी आहे. यंत्र चालू असताना सुईसारख्या बारीक धारांचे उच्च दाबाचे फवारे व निर्वात पोकळी असलेला सक्शन बॉक्स ही साधने सतत काम करीत असतात. आणि एवढ्यानेही भागेनासे झाले म्हणजे यंत्र थांबवून वस्त्रांवर कॉस्टिक सोडा, अम्ल, पृष्ठक्रियाकारी द्रव्ये किंवा रॉकेलसारखे विद्रावक सोडून धुलाई केली जाते. धुलाईत जितका वेळ जातो तितका वेळ उत्पादन बंद राहते. उच्च दाबाच्या धारांनी नमद्याची गादी उसवते. अल्काने नायलॉनपेक्षा पॉलिएस्टरची आणि तीव्र अम्लाने उलटपक्षी नायलॉनची झीज अधिक होते. विद्रावकाची वाफ कामगाराच्या श्वासात आणि त्याचा उर्वरित अंश सांडपाण्यात जातो. या सर्व खर्चाचा हिशेब मांडला असता साका बसू न देणे हे बसलेला साका काढण्यापेक्षा किफायतशीर ठरते, आणि एंझाइमांचा विचार प्रथम याच दृष्टीने झाला.

ऐतिहासिक आढावा : या विषयाच्या पूर्वेतिहासात एक लक्षणीय योग आढळतो. फ्रेंच रसायनज्ञ आंसेल्म पायें यांनी पेर्सो यांच्या सहकार्याने १८३३ मध्ये माल्टमधून स्टार्चचे विघटन करणारे डायास्टेज वेगळे केले, आणि त्याच पायें यांनी १८३८ मध्ये वनस्पतिभित्तीतील सेल्युलोज ओळखले. म्हणजे पहिले ज्ञात एंझाइम आणि कागदाचे मूळ घटकद्रव्य ही दोन्ही एकाच संशोधकाच्या नावावर जमा आहेत. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये एंझाइम व त्याचे लक्ष्य यांच्या संबंधाला कुलूप-किल्लीची उपमा दिली, आणि एडुआर्ट बुखनर यांनी १८९७ मध्ये जिवंत पेशींवाचूनही किण्वन घडते हे सिद्ध केले. स्वच्छतेसाठी एंझाइम वापरण्याचा मान ओटो रोम यांच्या ‘बुर्नुस’ या धुण्याच्या भुकटीकडे जातो. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत विक्रीस आलेल्या या भुकटीत प्राण्यांच्या स्वादुपिंडातील एंझाइमे होती.

कागदधंद्यात या तत्त्वाचा पहिला मोठा यशस्वी उपयोग जपानमध्ये झाला. तेथील जुजो पेपर कंपनीने (पुढे निप्पॉन पेपर) डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्कच्या सहकार्याने जपानी तांबड्या पाइनच्या यांत्रिक लगद्यातील राळेवर लायपेज वापरण्याचे प्रयोग केले, आणि १९९० च्या सुमारास ही पद्धती प्रत्यक्ष उत्पादनात आली. या राळेचा उपद्रव कमी करण्यासाठी पूर्वी ओंडके महिनोन्‌महिने उघड्यावर मुरत ठेवावे लागत. लायपेजमुळे ही मुदत कमी करता आली आणि ताजे, अधिक शुभ्र लाकूड वापरणे शक्य झाले. १९९० च्याच दशकात अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात नमदे एंझाइमांनी धुण्याच्या पद्धतीवर काम झाले. रद्दीतील चिकट कणांविरुद्ध एस्टरेज वापरण्याची पद्धती मेम्फिस येथील बकमन कंपनीने ‘ऑप्टिमाइझ’ या नावाने प्रचारात आणली, आणि तीबद्दल २००४ मध्ये तिला अमेरिकेचा अध्यक्षीय हरित रसायन पुरस्कार मिळाला.

एंझाइमांचे प्रकार व कार्य : लायपेज ट्रायग्लिसराइडांचे ग्लिसरॉल व मेदाम्ले यांत विघटन करते. ग्लिसरॉल पाण्यात विरघळून जाते. मेदाम्ले मात्र मागे राहतात, आणि ज्या यंत्रावर कॅल्शियम कार्बोनेटचा भराव वापरला जातो तेथे ती कॅल्शियमशी संयोग पावून चिकट साबण बनवू शकतात. म्हणून लायपेजच्या पाठोपाठ मेदाम्ले तंतूंवर बांधून कागदाबरोबर बाहेर नेणाऱ्या धनभारित द्रव्याचा बंदोबस्त करावा लागतो. तो न केल्यास राळेचा साका जाऊन त्याच्या जागी साबणाचा येतो. एस्टरेज हे पॉलिव्हिनिल ॲसिटेटच्या साखळीवरील ॲसिटेट गट तोडते. त्या जागी हायड्रॉक्सिल गट येऊन कणाचा पृष्ठभाग पाण्याशी सख्य करणारा होतो आणि त्याचा चिकटपणा हरपतो. चिकटणे हा पृष्ठभागाचा धर्म असल्याने संपूर्ण कण विरघळण्याची आवश्यकता नसते. नुसता पृष्ठभाग बदलला तरी कण नमद्यात अडकण्याऐवजी कागदात विखरून निघून जातो. ॲमिलेज स्टार्च तोडते; लेव्हानेज हे जंतूंच्या आवरणातील लेव्हान या फ्रुक्टोजच्या बहुवारिकाचे विघटन करते; प्रोटिएज प्रथिनांवर आणि सेल्युलेज नमद्यात अडकलेल्या तंतूंच्या चुऱ्यावर काम करते. लोकरीच्या नमद्यांच्या काळात प्रोटिएज व सुती वस्त्रांच्या काळात सेल्युलेज वापरणे धोक्याचे झाले असते, कारण लोकर हे प्रथिन आणि सूत हे सेल्युलोजच होय. संश्लेषित धाग्यांच्या आगमनाने ही अडचण दूर झाली. पॉलिएस्टरमध्ये एस्टर बंध असतात खरे. तथापि वस्त्रांचे ताणून काढलेले स्फटिकमय धागे नेहमीच्या तापमानाला एस्टरेजला दाद देत नाहीत.

निदान : कोणते एंझाइम योजावे हे साक्याच्या तपासणीवाचून ठरवता येत नाही. काढून टाकलेल्या नमद्याचा तुकडा किंवा जाळीवरून खरवडलेला साका प्रयोगशाळेत आणला जातो. आयोडीनचा थेंब टाकल्यावर तो निळा झाला तर स्टार्चचा, निनहायड्रिनने तापवल्यावर जांभळा झाला तर प्रथिनांचा निर्देश होतो. विद्रावकात उतरणारा भाग राळ व चिकट द्रव्यांचा असतो, आणि जाळून उरणारी राख खनिजांचे प्रमाण सांगते. विद्रावकात उतरलेल्या भागाचा अवरक्त वर्णपट घेतल्यास त्यात एस्टर गट आहेत की नाहीत हे कळते. एस्टर नसतील तर लायपेज व एस्टरेज या दोहोंवर केलेला खर्च वाया जाणार, हे तेथेच निश्चित होते.

प्रत्यक्ष योजना : पद्धतीची खरी कसोटी वेळेच्या गणितात आहे. मिनिटाला १,२०० मीटर वेगाने चालणाऱ्या यंत्रावर ३० मीटर लांबीचा नमदा दीड सेकंदात एक फेरा पुरा करतो, आणि प्रत्येक फेऱ्यात रुळांच्या दाबाखाली त्यातील पाणी पिळून निघते. एंझाइमाला मात्र आपले काम करण्यास काही मिनिटांपासून तासांपर्यंतचा अवकाश लागतो. या विसंगतीवर तीन मार्ग योजले जातात. पहिला, एंझाइम लगद्याच्या टाकीतच मिसळणे, म्हणजे वस्त्रांपर्यंत पोचण्यापूर्वी त्याला तास-दोन तास मिळतात. राळ व चिकट कणांसाठी हाच मार्ग प्रशस्त मानला जातो. दुसरा, कमी दाबाच्या फवाऱ्यातून पातळ द्रावण नमद्यावर अखंड सोडणे. यात एकेका फेऱ्याचा अवधी अत्यल्प असला तरी तंतूंवर अधिशोषित झालेले एंझाइम दाबातूनही काही अंशी टिकून राहते आणि परिणाम साचत जातो. तिसरा, नियोजित थांब्याच्या वेळी यंत्र अगदी मंद गतीने फिरवत कोमट द्रावणात नमदा भिजवणे. तापमान साधारणतः ३५° ते ५५° सेल्सिअस आणि पीएच मूल्य उदासीनतेच्या आसपास असावे लागते. कागदाबरोबर शुष्कन-विभागात गेलेले एंझाइम तेथील उष्णतेने निष्क्रिय होते.

मर्यादा व दक्षता : पॅराफिन मेण, पॉलिएथिलीन व स्टायरीन-ब्यूटाडाईन लॅटेक्स यांत एंझाइमाने तुटण्याजोगा बंध नसतो, तर बेरियम सल्फेट, सिलिका व कॅल्शियम ऑक्झॅलेट यांसारख्या खनिज थरांवर वरील एंझाइमांचा काही इलाज चालत नाही. जंतुनाशक म्हणून पाण्यात सोडलेले क्लोरीन वा हायपोक्लोराइट प्रथिनरूप एंझाइमाचाही नाश करते, म्हणून दोहोंच्या मात्रेच्या वेळा व जागा वेगळ्या ठेवाव्या लागतात. कारखान्यात दोन खाती परस्परांना न विचारता ही दोन द्रव्ये वापरीत असली, तर एकाच्या खर्चाने दुसऱ्याचा खर्च बुडतो. सेल्युलेजची मात्रा बेताबाहेर गेल्यास ते अडकलेल्या चुऱ्याबरोबर कागदाच्या तंतूंनाही दुर्बल करते. एंझाइमांची कोरडी भुकटी वा तुषार श्वासावाटे गेल्यास दम्यासारखा विकार उद्भवू शकतो, ही गोष्ट १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधील धुलाई-भुकटीच्या कारखान्यांत निदर्शनास आली. म्हणून कागदकारखान्यांत द्रवरूप एंझाइमे वापरण्याचा प्रघात आहे, आणि फवाऱ्याजवळ काम करणाऱ्यांसाठी तुषार अडवणारी आवरणे आवश्यक ठरतात.

भारतातील परिस्थिती : भारतात कागदनिर्मितीचा मोठा भाग रद्दीच्या लगद्यावर चालतो, आणि वापीसारख्या केंद्रांत वेष्टनाचा कागद करणाऱ्या गिरण्यांना स्टार्च व चिकट कण यांचाच उपद्रव मुख्यत्वे होतो. उसाची चिपाडे व गव्हाचा पेंढा वापरणाऱ्या कारखान्यांत त्यात सिलिकेची भर पडते, जिच्यावर एंझाइमांचा उपाय नाही. आणि पाण्याच्या टंचाईमुळे तेच पाणी पुनःपुन्हा फिरवले गेल्याने क्षार, स्टार्च व जंतू या तिन्हींची वाढ होते. अशा परिस्थितीत दुसऱ्या देशातील राळेसाठी सिद्ध झालेले एंझाइम नुसत्या शिफारशीवर विकत घेण्यात अर्थ नसतो. स्वतःच्या साक्याची तपासणी करून एक एंझाइम एका यंत्रावर ठराविक मुदतीसाठी वापरावे. मुदतीच्या आधीचे व नंतरचे नमद्याचे आयुष्य, दोन धुलायांमधील अंतर, कागद तुटण्याच्या वेळा आणि एका टनामागे लागलेली वाफ हे चार आकडे पाळीच्या नोंदवहीतून काढून शेजारी शेजारी मांडावेत. एंझाइमाची किंमत या चार रकान्यांतील बचतीतून वसूल होत असेल, तरच ते पुढे चालू ठेवणे युक्त ठरते.