१९५७ : एका वर्षाची निवड

एखाद्या वर्षातले आपल्या आवडीचे चित्रपट कोणते, हा प्रश्न घटकाभर करमणुकीचा आहे असे सामान्यतः मानले जाते. चार जण चार नावे घेतात, आवाज चढतात, आणि 'आवडीनिवडीला कारण नसते' असे म्हणून मंडळी उठतात. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र इतक्या लवकर उठू नये, असे आम्हांला वाटते. आवडीला कारण असते. ते सांगण्याचे कष्ट माणूस घेत नाही, एवढेच. ते कारण सांगितले, की त्यात बोलणारा माणूस दिसतो, त्याचा काळ दिसतो आणि ज्या काळाविषयी तो बोलतो तोही काळ दिसू लागतो.

आणखी एक लाभ आहे. उत्तम चित्रपटांची सरसकट यादी केली, तर निरनिराळ्या दशकांतली चित्रे भिंतीवर ओळीने टांगल्यासारखी होतात. त्यांचा परस्परांशी संबंध नसतो. एकाच वर्षातले चित्रपट शेजारी ठेवले, म्हणजे ती एका आळीतली घरे होतात. एका घरातले बोलणे दुसऱ्या घरात ऐकू जाते. पुष्कळदा एका चित्रपटाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याने दिलेले असते, आणि दोघांनाही त्याची दाद नसते. अशा एका आळीत शिरून पाहावे, म्हणून आम्ही १९५७ हे वर्ष निवडले आहे.

आधी 'वर्ष' या शब्दाची थोडी फोड केली पाहिजे. सत्यजित राय यांचा 'अपराजितो' प्रदर्शित झाला १९५६ मध्ये. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सुवर्णसिंह मिळाला तो १९५७ साली. मग तो कोणत्या वर्षाचा? उलट 'दो आँखें बारह हाथ' १९५७ चा, पण बर्लिनचा सन्मान त्याला १९५८ साली लाभला. चित्रपट लोकांपुढे प्रथम केव्हा आला, एवढीच कसोटी आम्ही धरतो. तिच्यामुळे 'अपराजितो' यादीबाहेर राहतो, याचे वाईट वाटते. परंतु नियम केल्यावर तो आपल्या लाडक्यासाठी मोडू नये.

आता त्या वर्षाची हवा आठवू या. स्वातंत्र्याला दहा वर्षे झाली होती आणि सत्तावनच्या उठावाला शंभर. दुसरी पंचवार्षिक योजना चालू होती. जानेवारीत पंडित नेहरूंच्या हस्ते हिराकूड धरणाचे उद्घाटन झाले. वर्षाच्या आरंभीच्या महिन्यांत दुसरी सार्वत्रिक निवडणूक झाली. मराठी मुलूख तेव्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात होता आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीने ती निवडणूक येथे पेटलेली होती. १ एप्रिलला नवे पैसे चलनात आले. ज्या आकाशवाणीने काही वर्षांपूर्वी चित्रपटगीतांना दार लावून घेतले होते, तिनेच ऑक्टोबरात विविध भारती सुरू करून ते दार उघडले. थोडक्यात, जुने हिशेब मिटवून नवे मांडण्याचे ते वर्ष होते. आणि नवे राज्य कोणासाठी, हा प्रश्न सभांतून जसा विचारला जात होता तसा पडद्यावरही विचारला जात होता.

त्या वर्षाची निवड तेव्हा कोणी केली? निवडणारे तीन होते. पहिले सरकार. राष्ट्रीय पारितोषिके १९५४ साली सुरू झाली आणि पहिले राष्ट्रपति-सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला मिळाले, हे मराठी माणूस विसरणे शक्य नाही. १९५७ चे सुवर्णपदक 'दो आँखें बारह हाथ'ला मिळाले. 'मदर इंडिया' आणि 'मुसाफिर' यांना गुणवत्तेची प्रशस्तिपत्रे मिळाली. दुसरा निवडणारा 'फिल्मफेअर'. त्याची पारितोषिकेही १९५४ चीच. त्याने 'मदर इंडिया'ला सर्वोत्कृष्ट ठरविले, मेहबूब खान आणि नर्गिस यांचा गौरव केला, आणि नायकाचे पारितोषिक 'नया दौर'साठी दिलीपकुमारला दिले. तिसरे निवडणारे प्रेक्षक. त्यांनी तिकिटाच्या खिडकीवर आपले मत 'मदर इंडिया'च्याच पारड्यात सर्वांत अधिक टाकले.

या तिन्ही निवडींत एक नाव वर येत नाही. ते नाव 'प्यासा'. आज त्या वर्षाचा विषय निघाला, की जाणकारांच्या तोंडी प्रथम येते ते हेच. २००५ साली अमेरिकेतल्या 'टाइम' साप्ताहिकाने सर्वकाळच्या शंभर चित्रपटांची यादी केली, तीतही ते आले. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'प्यासा' पडला आणि त्या दुःखाने गुरुदत्त खचला, असे सांगण्याची पद्धत आहे. पडला तो १९५९ चा 'कागज के फूल'. 'प्यासा' चांगला चालला होता. लोकांनी तो पाहिला होता, त्याची गाणी गुणगुणली होती. त्याला वर्षाचा मान मात्र कोणी दिला नाही. असे का झाले असावे, हे पाहण्यासाठी शेजारची घरे हिंडून आले पाहिजे.

'नया दौर'पासून आरंभ करू. बी. आर. चोप्रांच्या या चित्रपटात गावात आधी लाकूड कापण्याचे यंत्र येते, मग मोटार येते, आणि टांगेवाल्यांची पोटे मारली जातात. प्रश्न खरा होता; गिरण्यांच्या मुंबईला तर फारच ओळखीचा होता. उत्तर मात्र शर्यतीने दिले आहे. टांगा आणि मोटार यांची शर्यत लागते, त्यासाठी गावकरी आपल्या हातांनी रस्ता बांधतात, आणि टांगा जिंकतो. एक दिवस जिंकलेला टांगा दुसऱ्या दिवशी काय करणार, हे कोणी विचारू नये अशी चित्रपटाची इच्छा आहे. तरीही रस्ता बांधण्याचा तो भाग आम्हांला आवडतो. ओ. पी. नय्यर यांच्या ठेक्यावर आणि साहिरच्या शब्दांवर माती उचलणारी ती माणसे पाहिली, की श्रमदान हा शब्द सरकारी पत्रकातून उठून अंगणात येतो.

'मदर इंडिया'चा आवाका मोठा. मेहबूब खान यांनी १९४० साली 'औरत' काढला होता. तीच कथा सतरा वर्षांनी त्यांनी रंगांत पुन्हा सांगितली. सावकार सुखीलालाचे काम दोन्ही वेळा कन्हैयालालनेच केले. सावकार तोच राहिला. पण १९४० साली कालव्याचे उद्घाटन करणारे स्वराज्य नव्हते. १९५७ ची राधा म्हातारपणी कालव्याचे दार उघडते आणि तेथून तिची आठवण सुरू होते. हिराकूडच्या वर्षात हा आरंभ प्रेक्षकांच्या मनाला कसा भिडला असेल, हे सांगावयास नको. कॅथरीन मेयोच्या १९२७ मधील बदनामीकारक पुस्तकाचे नाव उचलून त्याला गौरवाचा अर्थ देणे, हेही त्या दहाव्या वर्षाला शोभणारेच होते. नर्गिसला पुढे कार्लोव्ही व्हारीच्या महोत्सवात अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले, आणि परभाषी चित्रपटांच्या ऑस्कर-स्पर्धेत शेवटच्या पाचांत हा चित्रपट गेला.

पण आमच्या मनात एक काटा राहतो. बिरजू हा धाकटा मुलगा सावकाराची वही वाचता येत नाही म्हणून चिडतो. ज्या हिशेबाने आपली जमीन आणि बैल गेले, तो हिशेब त्याला समजून घ्यावयाचा आहे. शेवटी तो दरोडेखोर होतो, सावकाराला मारतो, त्याची मुलगी पळवू लागतो, आणि आई त्याला गोळी घालते. गावाची अब्रू राहिली हे खरे. पण त्या व्याजाचा हिशेब कोणी तपासला? चित्रपटाने प्रश्न विचारणाऱ्याला मारले आणि प्रश्न तसाच कालव्याच्या पाण्यात सोडून दिला.

आता 'दो आँखें बारह हाथ'. या कथेचे मूळ आपल्याच मुलखात आहे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या गृहस्थांच्या सूचनेवरून १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसविले. खुनासारख्या गुन्ह्यातले कैदी तेथे कुंपणाशिवाय शेती करीत. ग. दि. माडगूळकर हे त्याच माणदेशाचे; कथा त्यांनी लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी ती पडद्यावर आणली. सहा कैदी, त्यांचे बारा हात, आणि त्यांच्यावर पहारा करणारे जेलर आदिनाथाचे दोन डोळे. बंदूक नाही, बेडी नाही. कैदी पळतात आणि त्या डोळ्यांच्या आठवणीने परत येतात. बैलाच्या झुंजीचा प्रसंग घेताना शांतारामबापूंच्या स्वतःच्या डोळ्यांना जबर इजा झाली होती.

गुन्हेगारावर विश्वास ठेवावा ही गोष्ट व्याख्यानात सोपी आणि माळरानावर अवघड. चित्रपट तिला माळरानावर नेतो, हे त्याचे मोठेपण. परंतु आदिनाथ गेल्यावर काय, या प्रश्नाला आभाळातल्या दोन डोळ्यांखेरीज त्याच्याजवळ उत्तर नाही. आणि सरकारने सुवर्णपदक दिले ते ज्या चित्रपटात सरकारचाच एक अधिकारी देवमाणूस आहे त्याला, हे इतिहासकाराने नोंदवून ठेवावे. त्यात निंदा मुळीच नाही.

या तिन्ही चित्रपटांत एक गोष्ट समान आहे. तिन्ही शेवटी 'होय' म्हणतात. गावाला रस्ता मिळतो, शेताला पाणी मिळते, कैद्याला माणूसपण मिळते. दहाव्या वर्षी देशाला 'होय' म्हणणारे चित्रपट हवे होते आणि ते खोटे नव्हते.

'प्यासा' तेवढा 'नाही' म्हणतो. विजय या कवीला जिवंतपणी कोणी छापत नाही. तो मेला अशी वार्ता पसरताच त्याचे पुस्तक हातोहात खपते. भाऊ त्याला ओळखत नाहीत, प्रकाशक पैसे मोजतो, आणि गुलाबो या वेश्येने मात्र रद्दीच्या भावाने गेलेले त्याचे कागद जपून ठेवलेले असतात. त्याच्याच स्मृतिसभेत तो दाराशी येऊन उभा राहतो. आणि जेव्हा जग त्याला मान द्यावयास तयार होते, तेव्हा आपण तो विजय नव्हेच असे सांगून सन्मान नाकारतो. वेश्यावस्तीतून हिंडताना तो जे गातो, ती साहिरची आधीच्या संग्रहातली कविता; चित्रपटासाठी तिची भाषा सोपी केली होती. देशाचा अभिमान बाळगणारे आता कोठे आहेत, असा तिचा रोख. हिराकूडच्या वर्षात हा प्रश्न जाहीरपणे विचारणे सोपे नव्हते. पारितोषिक देणाऱ्या हाताला अशा चित्रपटाकडे पोचणे जड गेले असेल, तर त्यात नवल वाटू नये. जो नायकच सत्कार नाकारतो, त्याचा सत्कार कसा करावा?

येथे आणखी एक योग ध्यानात येतो. शांताराम हे प्रभात कंपनीच्या संस्थापकांपैकी. १९४२ साली ते तेथून बाहेर पडले. गुरुदत्त १९४४ मध्ये पुण्यात प्रभातमध्येच नृत्यदिग्दर्शनाच्या कामावर रुजू झाला. एकाच संस्थेच्या अंगणातून थोड्या अंतराने गेलेली ही दोन माणसे. एकाने त्या वर्षी विश्वासाचा चित्रपट काढला, दुसऱ्याने अविश्वासाचा. दोघांनीही तो काळ्यापांढऱ्यात काढला आणि दोघांनीही मुख्य भूमिका स्वतःच केली. परंपरा म्हणजे एकच उत्तर पुन्हा पुन्हा देणे, असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण पाहावे.

आणि वर्ष म्हणजे केवळ चिंता असेही नाही. त्याच वर्षी मद्रासेत के. व्ही. रेड्डी यांनी तेलुगू आणि तमिळ भाषांत 'मायाबाजार' काढला. कथा आपल्या वत्सलाहरणाची : अभिमन्यूचे लग्न मोडणाऱ्यांची घटोत्कचाने केलेली फजिती. लग्नाचे जेवण एकटाच फस्त करणारा एस. व्ही. रंगारावचा घटोत्कच पाहून ज्याला हसू येत नाही, त्याच्याशी आम्ही वाद घालीत नाही. २०१३ साली एका दूरचित्रवाहिनीने घेतलेल्या मतदानात प्रेक्षकांनी याच चित्रपटाला भारतातला सर्वांत थोर ठरविले. हिंदीपुरतेच वर्ष पाहणाऱ्याला आळीचे अर्धे घरदार दिसत नाही, हा त्यातला बोध.

आता आमचा क्रम सांगणे भाग आहे. पहिला 'प्यासा', दुसरा 'दो आँखें बारह हाथ', तिसरा 'मदर इंडिया', चौथा 'मायाबाजार', पाचवा 'नया दौर'. 'प्यासा' पहिला ठेवण्याचे कारण त्याची बांधणी निर्दोष आहे हे नव्हे. त्यातला विनोदाचा भाग काहींना उपरा वाटतो आणि तो आक्षेप अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. कारण असे की, उत्सवाच्या वर्षी उत्सवात न बसलेल्यांची नावे घेणारा तो एकटा आहे. मात्र तो एकटा राहिला असता तर त्याचा 'नाही' पोकळ ठरला असता. शेजारी स्वतंत्रपूरची शेती आहे, राधेचा नांगर आहे, टांगेवाल्यांचा रस्ता आहे. त्या 'होय'समोर उभा आहे म्हणूनच त्या 'नाही'ला वजन आहे. यास्तव पहिल्याची निवड करताना आम्ही दुसऱ्याला आणि तिसऱ्याला खाली ढकलतो असे कोणी मानू नये. त्यांच्याच आधाराने तो वर बसला आहे.

पन्नास-साठ वर्षांनी हा क्रम बदलेल. कदाचित कर्जाच्या प्रश्नाने गांजलेली एखादी पिढी बिरजूला पुन्हा न्यायासनापुढे उभा करील, आणि 'मदर इंडिया' तिला अधिक जवळचा वाटेल. कदाचित यंत्रांनी हातचे काम काढून घेतलेल्या पिढीला टांगेवाल्यांची शर्यत आमच्याइतकी भाबडी वाटणार नाही. तसे झाले तर आमची यादी खोटी ठरणार नाही; ती कोणत्या काळात लिहिली गेली, एवढे तिच्यावरून समजेल. म्हणून श्रोत्यांना आमची विनंती एवढीच आहे, की त्यांनीही एखादे वर्ष घ्यावे, पाच नावे लिहावीत, आणि प्रत्येक नावापुढे कारण लिहावे. नावे आज ना उद्या इतरांच्या यादीतही मिळतील. कारणे ज्याची त्यानेच लिहून ठेवली पाहिजेत.