जुन्या वाहनासाठी एअर फिल्टर : कागदी की धुऊन वापरण्याचा?

जुन्या वाहनाच्या इंजिनाचे आयुष्य ज्या भागांवर अवलंबून असते, त्यांत एअर फिल्टर हा बहुधा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग होय. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. अशी मुदत वाढवून घेतलेल्या कितीतरी मोटारी, जीपगाड्या आणि दुचाकी गोव्याच्या रस्त्यांवर आजही रोजच्या कामात आहेत. पायलट किंवा छोटा माल वाहून नेणारा व्यावसायिक यांच्या दृष्टीने इंजिन उघडावे लागणे म्हणजे खर्च आणि बुडालेली कमाई, असे दुहेरी नुकसान असते. त्यामुळे 'एकदाच घ्या, आयुष्यभर वापरा' अशी जाहिरात असलेला धुण्याजोगा फिल्टर घ्यावा की ठरावीक काळाने कागदी फिल्टर बदलत राहावे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

धूळ नेमके काय करते

एक लिटर पेट्रोल जाळण्यासाठी इंजिनाला सुमारे ९,००० लिटर हवा लागते. लिटरमागे १५ किलोमीटर धावणारी मोटार वर्षाला १०,००० किलोमीटर चालली, तर ती सुमारे ६० लाख लिटर हवा आत ओढते. त्या हवेबरोबर येणाऱ्या मोठ्या कणांपेक्षा साधारण ५ ते २० मायक्रॉन आकाराचे सूक्ष्म कण अधिक घातक असतात. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून त्यांच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यामध्ये तेलाचा जो पातळ थर असतो, त्यात हे कण शिरतात आणि धातू घासत राहतात. धुळीतील क्वार्ट्‌झ बीडाच्या सिलिंडरपेक्षा कठीण असल्याने झिजतो तो सिलिंडर. पुढे कॉम्प्रेशन कमी होते, इंजिन तेल पिऊ लागते, निळसर धूर दिसतो आणि प्रदूषण तपासणीत वाहन अडते.

कागदी फिल्टर

घड्या घातलेल्या कागदाचा फिल्टर हा मोटारींतील सर्वाधिक प्रचलित प्रकार. आयएसओ ५०११ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ठरावीक प्रकारची धूळ सोडून फिल्टरची चाचणी घेतली जाते. चांगले कागदी फिल्टर अशा चाचणीत वजनाने ९९ टक्क्यांहून अधिक धूळ अडवतात. त्याचा एक गुण सहसा लक्षात येत नाही. कागदावर धुळीचा पातळ थर बसला की तो थरही गाळणीचे काम करतो. म्हणजे थोडा मळलेला फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा अधिक बारीक धूळ अडवतो. म्हणून दर आठवड्याला फिल्टर काढून झटकण्याची सवय उपकारक नाही.

कागदी फिल्टरचे वैरी दोन : पाणी आणि कंप्रेसरची जोरदार हवा. भिजलेला कागद फुगतो, घड्या एकमेकींना चिकटतात आणि हवेचा मार्ग कोंडतो. गॅरेजमध्ये जोरात हवा मारली की कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडू शकतात. साफ करणे भागच असेल, तर कमी दाबाची हवा आतल्या स्वच्छ बाजूकडून बाहेर सोडावी आणि मग आत दिवा धरून प्रकाशाचे ठिपके दिसतात का ते पाहावे. ठिपका दिसला तर तो फिल्टर टाकून द्यावा. अनेक दुचाकींत तेलकट दिसणारा, कारखान्यातच द्रव्य लावलेला कागदी फिल्टर असतो. तो झटकायचा नाही, त्यावर हवाही मारायची नाही. तो थेट बदलायचा असतो.

धुऊन वापरण्याचे फिल्टर

या गटात तीन प्रकार येतात. पहिला, तारेच्या जाळीत बसवलेल्या आणि तेल लावलेल्या सुती कापडाचा. दुसरा फोमचा, तो जुन्या दुचाकींत मुळातूनच बसवलेला आढळतो. तिसरा, जुन्या जीप आणि ट्रॅक्टरमधील तेलाच्या भांड्याचा. त्यात हवा तेलाच्या पृष्ठभागावर आदळून एकदम वळते, जड कण तेलात पडतात आणि उरलेले वरच्या जाळीत अडकतात.

सुती फिल्टरमधून हवा अधिक मोकळेपणाने जाते, हे खरे. परंतु उत्पादकांच्याच दाव्यानुसार त्याची धूळ अडवण्याची क्षमता साधारण ९६ ते ९९ टक्के असते. कागदावरचे आकडे पाहता हा फरक क्षुल्लक वाटतो. मात्र एक फिल्टर ९९.५ टक्के आणि दुसरा ९७ टक्के धूळ अडवत असेल, तर पहिल्यातून अर्धा टक्का आणि दुसऱ्यातून तीन टक्के धूळ इंजिनात जाते. म्हणजे सहापट. शिवाय प्रत्येक धुण्याबरोबर धुळीचा तो उपयुक्त थरही निघून जातो.

जुन्या इंजिनाचे वेगळेपण

मोटारींत कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने २००० च्या सुमारास घेतली. दुचाकींत हा बदल मुख्यत्वे एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ निकष लागू झाल्यावर झाला. कार्ब्युरेटरचे जेट मूळ फिल्टरचा अडथळा गृहीत धरून निवडलेले असतात. मूळ डबा काढून उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर लावल्यास हवेचे प्रमाण वाढते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापते. आवाज मोठा झाला म्हणजे ताकद वाढली, असे नव्हे.

मात्र स्वच्छ फिल्टरचा लाभ जुन्या गाडीलाच अधिक होतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार, कार्ब्युरेटर असलेल्या गाडीतील तुंबलेला फिल्टर बदलल्यास इंधनाची २ ते ६ टक्के बचत होऊ शकते. इंजेक्शनच्या गाड्यांत अशी बचत आढळत नाही. तेथे गाडी वेग पकडण्यात सुधारणा होते. हा लाभ स्वच्छतेचा आहे, फिल्टरच्या प्रकाराचा नव्हे.

सुती फिल्टरवरील एक नेहमीचा आक्षेप जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला लागू होत नाही. जास्त लावलेले तेल उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसते, असा तो आक्षेप. कार्ब्युरेटरच्या गाडीत असा सेन्सरच नसतो. नंतरच्या अनेक डिझेल गाड्यांत मात्र तो असतो. त्या गाड्यांना टर्बोही असतो आणि आत शिरलेली धूळ प्रथम त्याच्या वेगाने फिरणाऱ्या पात्यांवर आदळते.

झिजलेल्या इंजिनातून तेलाची वाफ ब्रीदरच्या नळीवाटे फिल्टरच्या डब्यात येते आणि कागद तेलाने माखतो. अशा वेळी वारंवार फिल्टर बदलण्यापेक्षा ब्रीदरची नळी, व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेशन तपासून घेणे योग्य.

गोव्याची धूळ आणि पाऊस

डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांतील खाणींचे रस्ते, चिऱ्यांच्या खाणी आणि ठिकठिकाणची रस्त्यांची कामे यांमुळे कोरड्या महिन्यांत तांबडी धूळ उडत राहते. अशा मार्गावर रोज जाणाऱ्या वाहनाने पुस्तिकेतील सर्वसाधारण अंतरावर विसंबू नये. धुळीच्या प्रदेशासाठी दिलेले कमी अंतर पाळावे.

पावसाळ्यात अडचण पालटते. सुती फिल्टर धुतल्यावर तो नैसर्गिकरीत्या पूर्ण सुकावा लागतो आणि मगच तेल लावता येते. जून-जुलैच्या दमट हवेत याला एक दिवस सहज लागतो. तोवर गाडी उभी ठेवावी लागते. विनाफिल्टर 'थोडे अंतर' गाडी चालवणे हा यातील सर्वांत महागडा निर्णय ठरू शकतो. किनाऱ्यालगत खाऱ्या हवेने फिल्टरची तारेची जाळी आणि डब्याच्या क्लिपा गंजतात, तेही पाहावे.

खर्चाचा हिशेब

उदाहरणादाखल, कागदी फिल्टर ३०० रुपयांना आणि सुती फिल्टर ४,००० रुपयांना मिळतो असे धरू. सुती फिल्टरच्या किमतीत १३ कागदी फिल्टर येतात. वर्षाला एक बदलला, तर ही रक्कम १३ वर्षे पुरते. धुण्याचे द्रव्य आणि तेल यांचा खर्च वेगळाच. पाच वर्षांचीच मुदत उरलेल्या गाडीला हा व्यवहार परवडणारा नाही. वर्षाला तीन-चार वेळा फिल्टर बदलावा लागणाऱ्या गाडीत हिशेब उलटू शकतो, पण नेमक्या त्याच गाडीला धूळ सर्वाधिक खावी लागते, हे विसरता येत नाही.

निवड कशी करावी

ज्या गाडीत मूळ फिल्टर कागदी आहे आणि तो बाजारात मिळतो, तिला कागदीच ठेवावा. मूळ फिल्टर फोमचा किंवा तेलाच्या भांड्याचा असेल तर तोच नीट सांभाळावा : फोम पेट्रोलने न धुता पुस्तिकेत सांगितलेल्या द्रव्याने धुऊन, न पिळता दाबून, सुकवून तेल लावावा; भांड्यातील तेल खुणेपर्यंतच भरावे आणि गाळ साचताच बदलावे. मूळ फिल्टर मिळेनासा झालेल्या दुर्मीळ गाडीसाठी, तसेच धुणे-सुकवणे-तेल लावणे वेळच्या वेळी करणाऱ्या मालकासाठी सुती फिल्टर हा स्वीकारार्ह पर्याय आहे.

प्रकार कोणताही असो, फिल्टरच्या कडेचे रबर डब्यात घट्ट बसले पाहिजे. आकाराने किंचित लहान फिल्टर, तुटलेली क्लिप किंवा फिल्टरनंतरच्या नळीला गेलेली चीर यांतून न गाळलेली हवा थेट इंजिनात जाते. फिल्टर काढल्यावर डब्याच्या स्वच्छ बाजूला आणि नळीत स्वच्छ फडके फिरवावे. फडक्यावर तांबडी धूळ आली, तर फिल्टर बदलण्याआधी ती गळती शोधावी.