काळोखांतील गाणें आणि कानांची साक्ष

"मीं स्वतः ऐकलें" एवढें कोणी म्हटलें कीं आपण बहुधा वाद मिटवतों. पण तें ऐकणें निव्वळ कानांचें होतें, कीं त्यांत डोळ्यांचा, किंमतीचा आणि अपेक्षेचाहि वांटा होता, हें ठरवावयाचें कसें? या प्रश्नाचा इतिहास मोठा गंमतीचा आहे, आणि त्यांतील पहिलें ठळक प्रकरण एका जाहिरातीचें आहे.

थॉमस एडिसन यांच्या कंपनीनें आपला 'डायमंड डिस्क' फोनोग्राफ खपावा म्हणून १९१५ पासून अमेरिकेंतील शहरोशहरीं 'टोन टेस्ट' नांवाचे जलसे सुरू केले. रंगमंचावर यंत्र ठेवावयाचें आणि शेजारीं गायिकेनें उभें राहावयाचें. ती तबकडीबरोबर गाई, मध्येंच ओठ मिटी, आणि गाणें तसेंच पुढें चालू राही. मग दिवे मालवीत. काळोखांत गाणें चालूच. आणि दिवे लागत तेव्हां रंगमंचावर यंत्र तेवढें उरलेलें, गायिका केव्हांच निघून गेलेली! १९१६ सालीं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्यें मारी रॅपोल्ड या गायिकेचा असाच जलसा झाला. पुढें सुमारें दहा वर्षें असे हजारों प्रयोग झाले, आणि खरा आवाज कोणता व यंत्राचा कोणता हें ओळखतां येत नाहीं, अशी ग्वाही जाहिरातींतून फिरूं लागली.

आज त्या तबकड्या ऐकल्या म्हणजे नवल वाटतें. त्या काळीं ध्वनिमुद्रणांत विजेचा उपयोग नव्हता. गायकानें कर्ण्यासमोर गावयाचें आणि त्याच्या आवाजाच्याच जोरानें मेणावर रेघ उमटावयाची. फार खालचे व फार वरचे स्वर त्यांत उतरतच नसत. शिवाय खरखर होतीच. असें असतां माणसें फसलीं कशीं? याचें उत्तर अशा जलशांत गायिलेल्या ॲना केस या गायिकेनें फार उशिरां, १९७२ सालीं, देऊन टाकलें. आपण मोठ्यानें गायिलों असतों तर यंत्र मागें पडलें असतें. म्हणून आपण आपल्या आवाजास यंत्राचाच गुण आणीत होतों, असें तिनें सांगितलें. म्हणजे यंत्र बाईसारखें गात नव्हतें, बाईच यंत्रासारखी गात होती! कोणाचा आवाज मुद्रित करावा याचा निवाडा एडिसन स्वतः करीत, आणि त्यांना तर फारच कमी ऐकूं येई. यंत्राच्या लाकडांत दांत रोवून ते गाणें ऐकत, ही गोष्ट कल्पित नव्हे.

काळोख केला म्हणजे परीक्षा झाली, असें नाहीं. येथें गायिका विक्रेत्याच्या बाजूची होती आणि उत्तरांची रीतसर मोजदाद हा त्या जलशांचा हेतूच नव्हता.

पडद्याचा प्रामाणिक उपयोग पाहावयाचा तर १९४७ कडे यावें लागतें, आणि तो विषय आम्हां रेडिओवाल्यांच्या जिव्हाळ्याचा आहे. १९४५ मध्यें अमेरिकेच्या कोलंबिया ब्रॉडकास्टिंगमधील चिन आणि आयझेनबर्ग यांना असें आढळलें, कीं श्रोत्यांना वरचे स्वर कापलेला, मऊ आवाजच अधिक आवडतो. तसें असेल तर उंची यंत्रें बांधण्याचा खटाटोप कशाला? आर. सी. ए. कंपनीचे हॅरी ऑल्सन यांना ही शंका आली, कीं लोक संगीताचे वरचे स्वर नाकारीत नसून ध्वनिक्षेपकाची कर्कशता नाकारीत असावेत. त्यांनीं ध्वनिक्षेपकच काढून टाकला. लहानसा वाद्यवृंद प्रत्यक्ष बसविला आणि सेकंदास ५००० आवर्तनांवरील स्वर अडविणाऱ्या झडपा मध्यें उभ्या केल्या. त्यांपुढें असा पडदा सोडला कीं ज्यांतून आवाज येई पण दिसत कांहींच नसे. झडपा उघडल्या काय, मिटल्या काय, श्रोत्यास पत्ता नाहीं. त्यानें आवड तेवढी सांगावयाची. दोन तृतीयांशांहून अधिक लोकांनीं उघड्या झडपांचा आवाज पसंत केला. पडदा म्हणजे ध्वनिरसिकांस खोटें पाडण्याचें हत्यार, असें ज्यांना वाटतें त्यांनीं हा निकाल ध्यानांत ठेवावा.

१९५० मध्यें बेल प्रयोगशाळेंतील मन्सन आणि गार्डनर यांनीं आणखी एक पद्धति मांडली. आधीं पहिला आवाज, मग दुसरा, आणि शेवटीं या दोहोंपैकीं एक, पण कोणता तें न सांगतां. तो ओळखावयाचा. दैवानें निम्मीं उत्तरें बरोबर येणारच, प्रश्न त्यापुढचा. १९७७ मध्यें मिशिगनमधील हौशी ध्वनिरसिकांनीं याच तत्त्वावर स्वतःच्या पैशाच्या यंत्रांची परीक्षा घेतली, हें मला फार कौतुकाचें वाटतें. अशा परीक्षेंत दोन्ही आवाज कांटेकोरपणें सारख्या जोराचे करावे लागतात. कारण जो आवाज केसभर मोठा, तो ऐकणाऱ्यास मोठा न वाटतां सरस वाटतो. दुकानांतील पुष्कळ चमत्कार एवढ्यावरच उभे असतात.

पुढें तर ध्वनिक्षेपकास जोडावयाच्या तारा हजारों रुपयांस विकल्या जाऊं लागल्या, आणि त्यांतील अंतर जमीनअस्मानाचें आहे असें शपथेवर सांगणारेहि भेटूं लागले. परीक्षेची गोष्ट काढतांच ते म्हणतात, परीक्षेनें मन बावरतें, कान बधिरतात. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं; सूक्ष्म भेद घाईंत निसटूं शकतो. पण जमीनअस्मानाचें अंतर एका पडद्यानें कसें पुसलें जातें?

बोस्टनच्या मायर आणि मोरन यांनीं २००७ मध्यें प्रसिद्ध केलेला प्रयोग येथें सांगितला पाहिजे. नव्या, उच्च दर्जाच्या डिस्कचा आवाज एकदां सरळ आणि एकदां साध्या कॉम्पॅक्ट डिस्कच्या दर्जास उतरवून ऐकविला. ऐकणाऱ्यांत ध्वनिमुद्रणाचे व्यावसायिक होते, विद्यार्थी होते, नाणावलेले रसिक होते. ५५४ वेळां विचारलें. २७६ वेळां उत्तर बरोबर आलें. नाणें उडविलें असतें तरी एवढेंच आलें असतें. आवाज नेहमींपेक्षां पुष्कळ चढविला तेव्हां मात्र शांत क्षणीं साध्या दर्जाची सूक्ष्म सळसळ ऐकूं आली, हेंहि त्यांनीं प्रांजळपणें नोंदविलें. आणि एक गोष्ट त्यांनीं आवर्जून लिहिली: त्या महागड्या डिस्क बाजारांतील बहुतेक साध्या डिस्कपेक्षां कानाला खरोखरच गोड लागत होत्या. तो गोडवा दर्जा उतरविल्यावरहि तसाच राहिला, कारण त्यांचें मुद्रण करणाऱ्यांनीं काम अधिक निगुतीनें केलें होतें.