सहलीचे लेखाशीर्ष

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला निघाल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर दोन वर्षांची मनोरमा होती. जहाजाचे भाडे त्यांनी आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘स्त्रीधर्मनीति’ ह्या आपल्याच पुस्तकाच्या विक्रीतून उभे केले. मराठी ग्रंथाच्या उत्पन्नावर लेकरासह विलायत गाठण्याचा हा प्रकार पुढे फारसा कोणाला साधल्याचे ऐकिवात नाही! त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कलकत्त्याच्या बंदरातून आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या. त्यांचे यजमान गोपाळराव हे पोस्टखात्यातील नोकर. बदलीपायी मराठी मुलुखापासून दूर, बंगाल्यात श्रीरामपूर येथे बिऱ्हाड करून राहिलेले. बोटीवर चढली ती एकटी पत्नी, गोपाळराव मागे राहिले. ह्या मासिकाचा वाचकवर्ग बहुतांशी त्यांच्याच जातकुळीचा असल्यामुळे हा तपशील त्यास विशेष जवळचा वाटेल.

रमाबाईंच्या काय किंवा आनंदीबाईंच्या काय, प्रवासाला विद्येचे प्रयोजन होते. मुलांना जग दाखवावे, आठपंधरा दिवस सर्वांनी मिळून परक्या देशात हिंडावे, एवढ्यासाठीच समुद्र ओलांडणे ही कल्पना नोकरदार मराठी घरात शिरायला त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. आज ती शिरली आहे, ह्यात शंका नाही. भिलाईसारख्या कारखान्याच्या गावातही उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की वर्गातील कोणी दुबई पाहून आलेला असतो, कोणी सिंगापूर, आणि मग सायंकाळी जेवताना लिपिकाच्या घरी प्रश्न निघतो की, “आपण कधी जायचे?” ह्या प्रश्नाला ‘ऐपत नाही’ हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. ऐपत ही केवळ पगाराची गोष्ट नव्हे. कोणत्या प्रवासाला सरकार ‘कारण’ म्हणून मान्यता देते आणि कोणत्या प्रवासाला देत नाही, ह्याचाही तिच्याशी फार निकटचा संबंध आहे. आणि ह्या मान्यतेला एक इतिहास आहे.

केंद्र सरकारच्या नोकरांना रजाप्रवास सवलत मिळाली ती ऑक्टोबर १९५६ मध्ये. तिच्यामागील विचार सरळ होता. अखिल भारतीय कारभारासाठी माणसे आपल्या गावापासून शेकडो मैल दूर नेमली जात. त्यांना अधूनमधून सहकुटुंब स्वग्रामी जाता यावे, आईबापांना नातवंडे दिसावीत, देवकार्य-लग्नकार्य साधावे. कोकणातील किंवा सातारकडील माणसाला मध्य प्रांतात, बंगालात नोकरी करताना ही सवलत किती मोलाची वाटली असेल, हे आपल्याला वेगळे सांगावयास नको. ह्या नियमांतून एक शब्द आपल्या घरगुती बोलीत कायमचा येऊन बसला: ‘होमटाऊन’. सेवापुस्तकात एकदा लिहिले गेलेले ते गाव पुढे सहजासहजी बदलता येत नाही. वडिलोपार्जित घर पडले, भाऊबंद पांगले, तरी कागदोपत्री आपण त्याच गावचे. पुढे ‘भारतात कोठेही’ जाण्याची मुभा चार वर्षांतून एकदा मिळू लागली आणि सवलतीत थोडा मोकळा वारा आला. तरीही तिची शीव देशाच्या सीमेपर्यंतच राहिली.

ह्याच सुमारास दुसरे दार बंद होत होते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेतील यंत्रसामग्रीच्या आयातीमुळे देशाची परकीय गंगाजळी झपाट्याने आटली. १९५७ नंतर मौजेखातर परदेशी जाणाऱ्याला परकीय चलन मिळणे दुरापास्त झाले. तिकिटासाठी रुपये मोजण्याची तयारी असली तरी भागत नसे; रिझर्व्ह बँकेकडून ‘पी फॉर्म’ संमत व्हावा लागे. अमेरिकेस शिकावयास गेलेल्या त्या पिढीतील मराठी विद्यार्थ्यांच्या आठवणींत ‘खिशात आठ डॉलर’ हे शब्द इतक्या वेळा येतात की तो जणू तत्कालीन प्रस्थानविधीतील एक मंत्रच असावा. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला, तेव्हा तर उरलीसुरली आशाही मावळली. पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ १९६० साली ग्रंथरूपाने आले. ते घरोघर वाचले गेले ह्याचे श्रेय लेखकाच्या प्रतिभेला तर आहेच. पण त्या वाचकांपैकी हजारात एकालाही लंडन दिसण्याचा संभव नव्हता, हेही एक कारण असावे असे प्रस्तुत लेखकास वाटते. पुस्तक हाच त्या काळचा सहकुटुंब परदेशप्रवास होता.

भिलाईच्या संदर्भात ह्या इतिहासाला एक चमत्कारिक उलट बाजू आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. ह्या उभारणीसाठी आलेले सोव्हिएत तंत्रज्ञ येथे कुटुंबकबिल्यासह राहिले. म्हणजे परकीय चलनाच्या टंचाईने आपली मुले ज्या वर्षांत देशाबाहेर पाऊल टाकू शकत नव्हती, नेमक्या त्याच वर्षांत परदेशची मुले छत्तीसगडच्या धुळीत आणि उन्हात वाढत होती. आणि टंचाईला ज्या आयाती कारण झाल्या, त्यांत असल्या कारखान्यांच्या यंत्रांचाही वाटा होता. आपल्याकडील शेकडो अभियंते व कारागीर सोव्हिएत देशात पाठविले गेले ते पोलादाचे काम शिकण्यासाठी. तो प्रवास सहलीचा नव्हता, परंतु परतताना त्यांनी आणलेल्या बाहुल्या आणि चित्रांची पुस्तके भिलाईच्या कित्येक घरांत मुलांनी पाहिलेला पहिला परदेश ठरली असतील. त्या मैत्रीची खूण म्हणून १९७२ साली उभारलेल्या मैत्रीबागेत आजही रविवारी मुलांची गर्दी असते. प्राणी पाहण्यात दंग झालेल्या त्या मुलांना ‘मैत्री’ कोणाशी, हे बहुधा ठाऊक नसते.

परदेशी जाण्याचा हक्क नागरिकाला आहे की ती सरकारची कृपा आहे, हाही प्रश्न १९६७ पर्यंत अनिर्णीतच होता. त्या वर्षी सतवंतसिंग साहनी यांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवासाचा अंतर्भाव घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील वैयक्तिक स्वातंत्र्यात केला, आणि लगोलग पारपत्राचा कायदा झाला. हक्क मिळाला, पण चलन नव्हते. १९९१ च्या संकटात सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंडकडे तारण म्हणून धाडण्याची पाळी आली. त्यानंतर मात्र चक्र वेगाने फिरले. १९९४ मध्ये चालू खात्यावर रुपया परिवर्तनीय झाला. १ जून २००० पासून परकीय चलनाचा जुना कठोर कायदा जाऊन सौम्य कायदा आला. आणि फेब्रुवारी २००४ मध्ये प्रत्येक निवासी व्यक्तीस वर्षाला २५,००० डॉलर बाहेर नेण्याची मोकळीक मिळाली. २०१५ पासून ही मर्यादा २,५०,००० डॉलर झाली. गंमत अशी की, ती अज्ञान मुलांनाही लागू आहे. पालकाची सही असली म्हणजे झाले. तात्पर्य, ज्याच्या दप्तराचा बंद तुटल्यामुळे नवे दप्तर पुढच्या पगारावर ढकलले आहे, त्या मुलाला कायद्याने वर्षाकाठी अडीच लाख डॉलर परदेशी खर्चण्याचा अधिकार आहे. आजोबांपाशी रुपये असते तरी डॉलर नव्हते. नातवाला डॉलरची मुभा आहे, रुपये नाहीत.

सातव्या वेतन आयोगाने २०१६ पासून कनिष्ठ लिपिकाचे मूळ वेतन १९,९०० रुपयांपासून आणि वरिष्ठ लिपिकाचे २५,५०० रुपयांपासून सुरू केले. महागाई भत्ता व घरभाडे मिळून आकडा वाढतो, हे खरे. पण घरभाडे, शाळेची फी आणि गावी पाठवावयाची रक्कम ह्यांची वजाबाकीही त्याच वेगाने होते. पूर्वी मुलांची नावे आईबापांच्या पासपोर्टावर नोंदविता येत. आता तान्ह्या मुलालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो, आणि लहान मुलांचा पासपोर्ट फार तर पाच वर्षे चालतो. मोठ्यांचे दीड-दीड हजार, लहानांचे एक-एक हजार: चौघांच्या कुटुंबाचे पाच हजार रुपये निव्वळ पुस्तिकांनाच. व्हिसा आणि विमान ह्यांचा हिशेब त्यानंतर. १ ऑक्टोबर २०२० पासून परदेशी सहलीच्या एकत्रित रकमेवर आगाऊ कर गोळा होऊ लागला. विवरणपत्र भरल्यावर तो वळता होतो किंवा परत मिळतो, परंतु तोपर्यंत तेवढे पैसे अडकतातच. केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये काढलेल्या प्रवाससंस्थेपासून मराठी कुटुंबाला मराठी मार्गदर्शक आणि ओळखीचे जेवण मिळवून देणाऱ्या सहलींची परंपरा चालत आली आहे. परक्या देशातील वरणभाताची ही हमी वाटते तेवढी हास्यास्पद नाही. पोरे बरोबर असली की तिचे मोल कळते. परंतु ती हमीही फुकट नसते.

मग पैसा उभा करावा कोठून? येथे सरकारी कागदपत्रे वाचणाऱ्याला एक गोष्ट लख्ख दिसू लागते. भविष्यनिर्वाह निधीच्या १९६० च्या नियमांत आजारपण, शिक्षण, विवाह, घर ह्यांसाठी रक्कम काढता येई. २००४ नंतर नोकरीस लागलेल्या आमच्या पिढीला राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना लागू झाली. तिच्यातही मुदतीपूर्वी अंशतः पैसे काढण्याची मान्य कारणे बव्हंशी तीच आहेत. मुलांना घेऊन समुद्रापलीकडे जावे, हे कारण तिच्यात नाही. खासगी कामासाठी परदेशी जाण्याच्या परवानगीचा विहित अर्ज २०१५ मध्ये नव्याने ठरला. त्यात अंदाजे खर्च किती आणि पैसा कोणत्या मार्गाने येणार, हे लिहून द्यावे लागते. लाचलुचपतीला आळा बसावा म्हणून हा रकाना हवाच, त्याविषयी तक्रार नाही. परंतु पाच वर्षे महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकून जमविलेल्या रकमेपुढे ‘बचत’ हा तीन अक्षरांपलीकडे न जाणारा शब्द लिहिताना माणसाचा हात क्षणभर थबकतो, एवढे मात्र खरे. त्या रकान्यात कोणत्या दिवाळीला काय आणले नाही, हे लिहिण्याची सोय नसते.

सवलतीच्या सीमारेषेवरून पलीकडे डोकावण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. स्टेट बँकेच्या काही कर्मचाऱ्यांनी रजाप्रवासाची देयके सादर केली; त्यांत दिल्लीहून मदुराई, तेथून कोलंबो, क्वालालंपूर, सिंगापूर, पुन्हा कोलंबो आणि परत दिल्ली असा एक प्रवास होता. नियमाच्या दृष्टीने मुक्काम मदुराई. वाटेत दोनतीन देश लागले, एवढेच! नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, करमाफी असलेला प्रवास भारतातील एका ठिकाणाहून भारतातीलच दुसऱ्या ठिकाणी, तोही जवळच्या मार्गाने झाला पाहिजे. कायद्याने हा निकाल रास्त आहे. तरीही मदुराईला जाताना सिंगापूर गाठणाऱ्या त्या कुटुंबांविषयी मनात थोडी आपुलकी वाटल्यावाचून राहत नाही. २०१८ साली मध्य आशियातील पाच देशांपर्यंत ही सवलत नेण्याचा प्रस्ताव वर्तमानपत्रांत गाजला होता. कचेऱ्यांतून त्यावर चहाचे कितीतरी पेले रिते झाले. पुढे तो विषय मागे पडला.

लिपिकवर्गाने आपली वाट तोवर शोधलेली होतीच. अंदमानासाठी विमानाची विशेष मुभा मिळाल्यापासून, एके काळी ज्या काळ्या पाण्याच्या नावाने घरात दिवा मालवे, त्याच बेटांवर आता बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे आनंदाने उतरतात; देश न सोडता समुद्र ओलांडण्याचा हा एक मार्ग. आणि भिलाईकरांना आणखी एक वाट आहे. आठवड्यातून ठराविक दिवशी दुर्गहून उत्तर प्रदेशातील नौतनव्याला थेट गाडी जाते. नौतनवा हे भारतातले अखेरचे स्थानक. तेथून सोनौलीची वेस हाकेच्या अंतरावर, आणि पलीकडे लुंबिनी. नेपाळला व्हिसा नाही. मोठ्यांना मतदार ओळखपत्र पुरते, पंधरा वर्षांखालील मुलांना वय व ओळख पटविणारा कागद असला म्हणजे झाले. रुपयाचा दर १९९३ पासून एकास एक रुपया साठ पैसे असा ठरलेला, त्यामुळे डॉलरचे नाव काढावयास नको. कार्यालयाची पूर्वपरवानगी तेवढी येथेही चुकत नाही. नौतनव्यापर्यंतचे वातानुकूलित तृतीय श्रेणीचे भाडे चार वर्षांतून एकदा सरकार देते. त्यापुढचे सोनौलीपर्यंतचे रिक्षाभाडे आणि पुढचा सारा देश आपला आपण पाहावयाचा. देयकात गंतव्यस्थान म्हणून नौतनवा लिहावे, मुलांची नावे व वये लिहावीत आणि तिकिटे जोडावीत.